फळा आणि पासबुक

यादीत नाव येणं ही गोष्ट मला लहानपणापासून मानवलेली नाही. शाळेत माझं नाव फळ्यावर आलं ते एकतर 'बडबड करणारी मुले' या मथळ्याखाली, नाहीतर 'फी बाकी' या मथळ्याखाली. त्या काळी दहावीची गुणवत्ता यादी लागत असे. बोर्डात आलेल्या मुलाला त्याची आई पेढा भरवते आहे, असा फोटो दुसऱ्या दिवशीच्या पेपरात ठरलेला. तो फोटो आमचे वडील इतका वेळ न्याहाळत बसत, की तो पेढा त्या मुलाच्या नव्हे, माझ्याच घशात अडकलाय असं मला वाटायचं. पुढे ती यादी बंद झाली. उशिरा का होईना, शहाण्या माणसांना काहीतरी कळलं. मी मनात म्हटलं, चला, आपण नाही तर निदान पुढची पिढी तरी सुटली.

पण यादी ही रक्तबीजाच्या जातीची आहे. एक मारली की दहा उभ्या राहतात.

आमचं अंबाडी म्हणजे भिवंडीहून वाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. इथूनच एक रस्ता वज्रेश्वरीकडे फुटतो. वसई जिंकली तर देऊळ बांधीन, असा नवस चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीला केला होता म्हणतात. १७३९ मध्ये वसई जिंकली आणि देऊळ उभं राहिलं. एवढा मोठा विजय. पण कोणत्या सरदाराने किती गनीम लोळवले, पहिला कोण, दुसरा कोण, असा तक्ता त्या सत्पुरुषाने देवळाबाहेर टांगल्याचं ऐकिवात नाही. ती हौस पुढच्या पिढ्यांची. आता कुठल्याही गावातल्या देवळात जा, देवाआधी देणगीदारांचं दर्शन घडतं. फरशीवर नाव, घंटेवर नाव, पंख्याच्या तीन पात्यांवर अनुक्रमे नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव. पंखा फिरायला लागला की तिन्ही एकमेकांत मिसळून दाता दिसेनासा होतो. म्हणून ऐन वैशाखातही काही दाते 'पंखा राहू दे बंद, सर्दी होते' असं म्हणताना मी ऐकले आहेत.

तर अशा या यादीप्रिय मुलखात आता नवी यादी आली आहे. ती देवळात नाही, खिशात असते.

संध्याकाळी नाक्यावर चार पोरं कठड्यावर ओळीने बसलेली असतात. चौघांच्या माना खाली, चौघांच्या कानांत बोंडुक. मधूनच एकजण ओरडतो, "मागे आहे, मागे आहे, मार!" परवा एक म्हातारी भाजीची पिशवी घेऊन चालली होती, ती बिचारी हे ऐकून गर्रकन मागे वळली. तिच्या मागे कुणी नव्हतं. शत्रू फोनात होता. त्या चौघांतला एक माझा सख्खा भाचा.

त्याने मला एकदा विचारलं, "मामा, तुमची केडी किती?"

"झाली की. आधार, पॅन, दोन फोटो. सगळं दिलंय."

"ती केवायसी हो! केडी! किल-डेथ! एकदा मरायच्या आत तुम्ही सरासरी किती जणांना मारता?"

बावीस वर्षं काउंटरवर बसून मी एकालाही मारलेलं नाही. मोह पुष्कळदा झाला. पण भाच्याच्या जगात हा आकडा म्हणजे माणसाची कुंडली. तो प्रत्येकाच्या प्रोफाइलवर लटकलेला असतो. केडी चांगली असेल तर चार मित्र खेळायला घेतात, नसेल तर 'नेट स्लो आहे' असं सांगून टाळतात. पूर्वी मुलगी सांगून आली की 'पत्रिका जुळत नाही' म्हणत, त्यातलाच प्रकार.

त्याच्यावर पुन्हा हुद्दे. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड, क्राउन, एस आणि सगळ्यांच्या डोक्यावर कॉन्करर. हा शेवटचा मान पहिल्या पाचशेंनाच मिळतो. पाचशे एकाव्याने काय पाप केलं, हे विचारायचं नाही. आणि सर्वांत अजब म्हणजे, दर काही आठवड्यांनी हंगाम संपतो आणि सगळ्यांना पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरवून पुन्हा चढायला लावतात. आमच्या बँकेत निदान एकदा दिलेली वेतनवाढ दिवाळीनंतर परत घेत नाहीत. ही कल्पना आमच्या वरिष्ठांच्या कानावर जाऊ नये म्हणून मी हा उल्लेख इथेच आटोपता घेतो.

या खेळाने ये-जाही फार केली. २ सप्टेंबर २०२० ला सरकारने पब्जीसकट ११८ ॲपवर बंदी घातली. ही ॲपं लोकांची माहिती चोरून देशाबाहेर नेतात, असं त्यावेळी सांगण्यात आलं. नाक्यावर सुतक पडलं. २०२१ च्या जुलैत 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' असं बारसं करून तोच खेळ परत आला. २०२२ च्या जुलैत पुन्हा गायब झाला, २०२३ च्या मे महिन्यात पुन्हा उगवला. आमच्याकडे फक्त विजेचीच इतकी ये-जा असते. २०२१ मध्ये परत येताना कंपनीने एक नियमही आणला होता. अठराच्या आतल्याने दिवसाला तीन तासच खेळायचं आणि दिवसाला ७,००० रुपयांपेक्षा जास्त खर्च करायचा नाही. हा आकडा वाचून मी सवयीने शून्यं दोनदा मोजली. दिवसाला सात हजार उडवू शकणारं अठराच्या आतलं पोर अंबाडी परिसरात कुणाला आढळलं तर मला कळवावं. मी घरी येऊन त्याचं खातं उघडून देईन. शिवाय पालकाची संमतीही हवी होती. त्यासाठी ताईच्या फोनवर ओटीपी आला. ताईला चष्मा सापडेना, म्हणून तो वाचायला तिने भाच्यालाच हाक मारली. संमती मिळाली.

इथवर मी या सगळ्याकडे तटस्थ समीक्षकाच्या नजरेने पाहत होतो. पण दुसऱ्याच्या घरावरून वरात गेली की ती आपल्याही दारावरून जाते. मी बुद्धिबळ खेळतो. गोळीबाराला माझा जीव धजत नाही. प्यादं मेलं तरी मला चुटपुट लागते. कन्येच्या नादाने मी फोनात बुद्धिबळाचं एक ॲप घेतलं आणि त्याने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला, कर्जाच्या कागदांवर लोक जशा फुल्यांवर सह्या करतात तशा, 'हो, हो, हो' अशा टिचक्या मारल्या. त्यातल्या एका 'हो'मध्ये माझ्या फोनमधली नावांची वही त्याला वाचू द्यायची परवानगी होती. त्याने ती वाचली. नुसती वाचली नाही, तर माझ्या ओळखीचे जे जे तिथे खेळत होते, त्या सगळ्यांना माझं नाव कळवलं.

मला याचा पत्ता नव्हता. गेल्या जुलैत एका सोमवारी पाऊस असा कोसळत होता की रस्त्यातला खड्डा कोणता आणि खड्ड्यातला रस्ता कोणता ते समजेना. मी साहेबांना फोनवरून कळवलं, "अंगात ताप आहे." कळवताना आवाजही थोडा खोल नेला. मग चहा घेतला, पाय वर घेतले आणि दिवसभरात त्रेचाळीस डाव खेळलो.

मंगळवारी शाखेत शिरतो तोच साहेबांनी विचारलं, "ताप कसा आहे?"

"बरा आहे, साहेब."

"दुपारी तीनच्या सुमाराला उतरला असेल. तीननंतर तुम्ही सलग सहा डाव जिंकलात."

मी जागच्या जागी मात झालो. राजाला एक घर सरकायलाही जागा नव्हती. माझ्या नावाशेजारी एक हिरवा ठिपका असतो, मी फोन उघडला की तो पेटतो, मी कोणत्या तारखेला, किती वाजता, कुणाशी, किती चालींत हरलो याचा साद्यंत खातेउतारा जगातल्या कुणालाही उघडता येतो, हे मला त्या दिवशी समजलं. साहेब याहून जास्त काही बोलले नाहीत. रजाही मंजूर केली. पण त्या संध्याकाळी मला राग आला होता, आणि कारकुनाचा राग नेहमी वह्यांवरच निघतो. मी घरी आलो आणि सूड म्हणून साहेबांचं प्रोफाइल उघडलं.

साहेब विदर्भातून बदलून आलेले. बायको-मुलं तिकडेच. इथे ते एका खोलीत राहतात आणि डबा लावला आहे. एवढीच माहिती आम्हांला. आता त्यांचा उतारा माझ्यासमोर होता. पहिल्यांदा मी खूश झालो. माणूस मार्चात १६१० वर होता, तो जुलैत १२७० वर घसरलेला. उद्या जेवणाच्या सुट्टीत हे सगळ्यांना सांगायचं, असं ठरवलं. मग माझी नजर वेळेच्या रकान्यावर गेली. बारा पन्नास. एक पस्तीस. दोन वीस. तीन चाळीस. दुपारच्या नव्हे, रात्रीच्या वेळा. एका रात्रीच्या नव्हे, रोजच्या. जूनमधल्या एका तारखेपर्यंत हा माणूस आठवड्यातून चारदोन डाव साडेनऊ-दहाला खेळून झोपत होता. त्या तारखेपासून पुढे तो झोपतच नव्हता.

उतारे वाचण्यात माझं आयुष्य गेलं आहे. माणसाच्या घरात काहीतरी घडलं की ते आधी त्याच्या खात्यात दिसतं. दर एकतीस तारखेला जमा होणारा आकडा एकाएकी थांबतो. दवाखान्याच्या रकमा सुरू होतात. म्हातारीच्या पेन्शनीतून महिन्याला पाचशे काढणारी सून एकदम सगळेच काढायला येते. आम्ही हे पाहतो आणि शिक्का मारून पासबुक परत देतो. राष्ट्रीयीकृत बँकेत लागताना निष्ठा आणि गुप्तता यांच्या प्रतिज्ञापत्रावर सही करावी लागते. कोणाच्या खात्यात काय आहे हे मी बायकोलाही सांगत नाही. ती विचारते, तो भाग वेगळा. आणि इथे मी, कसलीही सही न करता, एका माणसाच्या चाळीस रात्रींचा उतारा मांडीवर घेऊन बसलो होतो. जूनच्या त्या तारखेच्या आसपास साहेब 'घरगुती कारणा'साठी चार दिवस गावी गेले होते, हे मला आठवलं. मी फोन उलटा ठेवला. कारण काय होतं ते मी आजवर विचारलेलं नाही. पण माहीत नसायला हवं ते मला माहीत झालं होतं, आणि ते माहीत नसल्यासारखं तोंड करून दुसऱ्या दिवशी त्यांच्यासमोर व्हाउचर सरकवायचं होतं. तापाचं सोंग त्यामानाने फार सोपं होतं.

तेव्हापासून मी या फळ्यांचा अभ्यास करू लागलो. म्हणून आता थोडी गंभीर समीक्षा. (वाचकांनी घाबरू नये, मी वाणिज्य शाखेचा आहे, माझं गांभीर्य दोन पानांपलीकडे टिकत नाही.)

फळ्याच्या बाजूने पहिल्यांदा बोललं पाहिजे. फळा मुळात निरुपद्रवी होता. १९७८ साली जपानात 'स्पेस इन्व्हेडर्स' नावाचं खेळाचं यंत्र आलं. ते आजवरचा सर्वांत मोठा आकडा पडद्यावर कोरून ठेवी. आकडा कुणाचा, ते यंत्राला ठाऊक नसे आणि त्याला पर्वाही नसे. पुढच्याच वर्षी 'स्टार फायर' आणि 'ॲस्टेरॉइड्स' या यंत्रांनी जिंकणाऱ्याला आपली आद्याक्षरं टाकू दिली. किती? तीन! मला तर यात मराठी डोकं असावं असा संशय आहे. नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव यांची तीन अक्षरं करून त्यांच्या आड बसण्याची विद्या आपल्या इतकी कुणाला येते? ग. दि. मा. ही तीन अक्षरं उच्चारली की महाराष्ट्राला माणूस समजतो. ज्याला समजत नाही त्याच्या हाती काहीच लागत नाही. त्या यंत्रांवरही तसंच होतं. ज्याला ओळखायचं तो ओळखे, बाकीच्यांना नुसती तीन अक्षरं दिसत. पराक्रम जाहीर, पराक्रमी झाकलेला. आमच्या देवळातला पंखा चालू असताना जसं होतं तसं. वारा सगळ्यांना आणि नाव कुणाला नाही.

बुद्धिबळाच्या आकड्यांचंही तेच. खेळाडूचं बळ मोजायची आजची पद्धत मिलवॉकीत भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक आर्पाद एलो यांनी बसवली आणि १९७० साली जागतिक बुद्धिबळ महासंघाने ती स्वीकारली. हिशेब अगदी बँकेतला. दोघांमध्ये दोनशे गुणांचं अंतर असेल, तर वरच्याने शंभरातले साधारण ७६ गुण मिळवावेत अशी अपेक्षा. त्याहून जास्त मिळवले तर जमा, कमी मिळवले तर नावे. खुद्द एलोसाहेबांचा या मापावर आंधळा विश्वास नव्हता. लाटांवर डचमळणाऱ्या बुचाची जागा वाऱ्याने हलणाऱ्या दोरीला बांधलेल्या पट्टीने मोजावी, तसला हा प्रकार आहे, अशा अर्थाचं त्यांनीच म्हणून ठेवलं आहे. आता ते बूच प्रत्येकाच्या कपाळाला चिकटवलं आहे आणि लोक त्यालाच माणूस समजतात.

डाव उघडे असावेत, हेही मला मान्य आहे. लीचेस नावाचं बुद्धिबळाचं एक फुकट संकेतस्थळ २०१० पासून चालू आहे. तिथे गुणांसाठी झालेले सगळे डाव दर महिन्याला सर्वांसाठी खुले करतात. कुणीही घ्यावे, अभ्यासावे. चांगलं आहे. कुणी आतून यंत्राला विचारून चाली खेळत असेल, तर तो दहाजणांच्या नजरेला सापडतो. आमच्याकडे ऑडिट येतं तेव्हा आम्हीही वह्या उघड्या करतो. तक्रार करतो, पण करतो. लपवाछपवीत लबाडच माजतात, हे बँकेत काम करणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

तेव्हा माझं भांडण फळ्याशी नाही. माझं भांडण, फळा आणि पासबुक यांत फरक न समजणाऱ्या माणसाशी आहे. कुठल्याही बँकेत जा. भिंतीवर फळा असतो. त्यावर व्याजाचे दर, कामाच्या वेळा, सुट्ट्या. तो सगळ्यांसाठी. आणि ज्याचं त्याचं पासबुक ज्याच्या त्याच्या हातात. या खेळवाल्यांनी काय केलं, तर प्रत्येकाचं पासबुक आणून फळ्यावर खिळ्याने ठोकलं, आणि वर म्हणतात, 'पारदर्शकता!' डावात कोणी कोणती चाल केली, हे खेळाचं आहे. ते फळ्यावर जाऊ दे. पण ती चाल त्याने रात्री तीन चाळीसला, सलग सतरावा डाव हरताना केली, हे त्या माणसाचं आहे. डाव सगळ्यांचा असेल, रात्र ज्याची त्याची.

बरं, लपवायची सोय नसते असंही नाही. शोधली तर सापडते. पण ती पाचव्या पडद्याआड, सातव्या ओळीत, बारीक अक्षरांत. उघडं ठेवायला काहीच करावं लागत नाही, झाकायला मात्र संशोधन करावं लागतं. धर्मशाळेच्या न्हाणीघराला दार आहे, पण ते गुंडाळून माळ्यावर ठेवलंय. ज्याला लाज वाटेल त्याने शिडी लावून काढून आणावं, अशी ही व्यवस्था. दार आधी लावलेलं असावं आणि ज्याला हौस असेल त्याने उघडावं, एवढीच माझी मागणी. मोठ्या माणसांनी मोठमोठ्या शब्दांत हेच म्हटलेलं आहे. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं, की खाजगीपण हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. २०२३ साली त्याचा कायदा झाला. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायची नाही आणि त्यांची माहिती घ्यायची तर पालकांची खातरजमा केलेली संमती हवी, असं त्यात लिहिलं आहे. नियम २०२५ च्या नोव्हेंबरात निघाले आणि मुख्य कलमं लागू व्हायला तिथून अठरा महिन्यांची मुदत दिली. कायदा चांगला आहे. फक्त ती खातरजमा करताना ताईचा चष्मा जागेवर असावा, एवढी काळजी सरकारने घ्यावी.

मुलांवरून आठवलं. खरं तर मला हेच सांगायचं होतं, पण साहेबांचं आधी निघालं.

२०२५ च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बातुमीत महिलांचा विश्वचषक जिंकला, आणि महाराष्ट्रातल्या अनेक माळ्यांवरून बुद्धिबळाचे पट खाली आले. आमच्याही घरात आला. कन्या बारा वर्षांची. घोडा अडीच घरं चालतो इथपासून सुरुवात. महिन्याभरात तिने मला दोनदा हरवलं, आणि मग जगाला हरवायला ती त्या ॲपवर गेली. जगाने तिला सलग चौदा डाव हरवलं. त्यातही काही नाही; जग ते करतंच. पण तिच्या वर्गातल्या कुणीतरी तिचं प्रोफाइल उघडलं, तो चौदा लाल खुणांचा खांब टिपला आणि वर्गातल्या मुलांच्या गटात पाठवून दिला. खाली चौदा हसरे चेहरे, एकेका पराभवाला एक.

चार दिवस पट तसाच पडून राहिला. पाचव्या दिवशी ती मला म्हणाली, "बाबा, कुणाला न दिसता हरता येत नाही का?"

मला उत्तर सुचलं नाही. आम्ही खेळायला शिकलो तेव्हा आजोबांपुढे ओट्यावर शंभर डाव हरलो असू. त्याची नोंद फक्त आजोबांना आणि ओट्यावरच्या मांजराला होती. दोघांनीही ती आपल्याबरोबर नेली. त्या शंभर पराभवांवरच पुढचा एखादा विजय उभा राहिला, पण लोकांना दिसला तो विजयच. १९७४ साली देशातली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा मुंबईच्या वासंती खाडिलकरांनी जिंकली. त्याआधी त्या घरातल्या कुठल्या खोलीत किती डाव हरल्या असतील, याची यादी कुणाजवळ नाही, आणि नसावी. शिकणं म्हणजे दुसरं काय असतं? आधी पुष्कळ वेळ गुपचूप चुकायचं आणि मग एक दिवस चारचौघांत बरोबर यायचं. आताच्या पोरांचं ते गुपचूप चुकणंच काढून घेतलं आहे. पहिली चूक फळ्यावर, दुसरी फळ्यावर, चौदावी फळ्यावर. मग काय करतात? खेळायचं सोडतात. किंवा चुकायचं सोडतात, म्हणजे फक्त दुबळ्यांशी खेळतात. दोन्ही एकच.

मी त्या रात्री माळ्यावर शिडी लावली. म्हणजे सेटिंगच्या पाचव्या पडद्यापर्यंत गेलो. तिचा हिरवा ठिपका विझवला. नावांची वही काढून घेतली. नाव काढून तीन अक्षरं ठेवली. अनोळखी माणसाला निरोप पाठवायची सोय बंद केली. एवढं करूनही हरलेले डाव झाकता आले नाहीत. ते तिथेच आहेत. मग तिनेच तोड काढली. आता ती आधी घरी, पटावर, माझ्याशी हरते (किंवा मी तिच्याशी), आणि मग बाहेर जाते. निकालाची नोंद स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर होते. दुधाच्या हिशेबाखाली, तारखेच्या चौकोनात, बारीक अक्षरांत: 'मी १, बाबा ०'. गेल्या महिन्यात दूधवाल्याने पैसे घ्यायला आला तेव्हा तो चौकोन नीट वाचला आणि सहानुभूतीने एक दिवसाचं दूध कमी लावलं. एवढी गळती आम्ही चालवून घेतो.

राहता राहिले साहेब. दोन आठवडे मी धीर गोळा करत होतो. शेवटी एका दुपारी, कॅश जुळल्यावर, त्यांच्या टेबलाशी जाऊन म्हटलं, "साहेब, त्या ॲपमध्ये एक सेटिंग आहे. हिरवा ठिपका बंद करता येतो. वेळही दिसत नाही."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मला काय काय दिसलेलं आहे, हे त्यांना त्या क्षणी समजलं असावं. जरा वेळाने म्हणाले, "मग आधी तुमचा बंद करा. पावसाळा अजून संपलेला नाही."

दुसऱ्या दिवशी मी घरातला पट पिशवीत घालून शाखेत नेला. हल्ली जेवणाच्या सुट्टीत डबा संपला की आम्ही अर्धा डाव खेळतो. मोहरी तशीच ठेवून वर वर्तमानपत्र झाकतो आणि उरलेला डाव दुसऱ्या दिवशी. साहेब अजून रात्री जागतात की झोपतात, मला माहीत नाही. माहीत नाही याचं मला बरं वाटतं. सकाळी त्यांचे डोळे पूर्वीइतके लाल नसतात, हे मात्र काउंटरवरूनही दिसतं, आणि ते दिसायला कुठलंही प्रोफाइल उघडावं लागत नाही.

शाखेतले लोक विचारतात, दोघांत पुढे कोण?

क्षमस्व. ग्राहकाच्या खात्याची माहिती त्रयस्थास देता येत नाही.